क्रॅनबेरी सॉस : डबा न्यावा की घरी करावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई न्यू जर्सीत राहतात. त्यांच्या मुलीचे लग्न मॅसॅच्युसेट्समधल्या एका अमेरिकन कुटुंबात झाले असून या वर्षी थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या जेवणाला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, त्यांना व्याह्यांकडे प्रथमच बोलावणे आले आहे. जेवायला चौदा माणसे आहेत. विहीणबाईंनी फोनवर “तुम्ही फक्त क्रॅनबेरी सॉस आणा” एवढेच सांगितले, म्हणजे क्रॅनबेरी या लहान, लाल, आंबट फळाचे गोडसर तोंडीलावणे. पहिल्यांदा व्याह्यांच्या घरी जाताना दुकानातला जेलीसारख्या सॉसचा डबा पुढे करणे ताईंना कमीपणाचे वाटते, म्हणून सॉस घरीच करावा असे त्यांच्या मनात आहे. मुलगी मात्र म्हणते, “आई, डबाच आण, आजींना दुसरे काही चालत नाही.” या आजी म्हणजे विहीणबाईंच्या मातोश्री, ऐंशी ओलांडलेल्या. ताई शाकाहारी आहेत, त्यामुळे डब्यातली जेली जिलेटिनची असते का हीही शंका त्यांनी विचारली आहे, आणि घरी केलाच तर त्यात आपले थोडे मसाले घालावेत का, असाही एक उपप्रश्न आहे.

बोस्टनच्या आसपासच्या केटरिंगच्या स्वयंपाकघरांत मी गेली एकवीस वर्षे काम करते आहे आणि त्यांतला एकही थँक्सगिव्हिंग मी क्रॅनबेरीशिवाय काढलेला नाही. माझे उत्तर असे आहे की ताईंनी दोन्ही न्यावे : मंगळवारी घरी केलेला साधा, बिनमसाल्याचा सॉस काचेच्या भांड्यात, आणि जेलीचा एक डबा पिशवीत. हा सल्ला दोन्ही बाजूंना खूश करण्यासाठी दिलेला नाही. डब्यातली जेली ही घरच्या सॉसची स्वस्त नक्कल आहे, असे धरून हा वाद घातला जातो आणि तिथेच त्याची सुरुवात चुकते. फळ तेच असले तरी हे दोन निराळे पदार्थ आहेत. आपल्याकडे कैरीचा मेथांबा आणि कैरीचा साखरांबा यांच्यात जितके अंतर आहे, साधारण तितके. मेथांबा मागणाऱ्याच्या पानात साखरांबा वाढून “हा जास्त चांगला आहे” असे कोणी म्हणत नाही.

प्रथम हे तोंडीलावणे त्या जेवणात कशासाठी असते ते पाहू. थँक्सगिव्हिंगचे ताट बहुतांशी मऊ, तपकिरी आणि स्निग्ध असते. भाजलेल्या टर्की पक्ष्याच्या छातीचे मांस कोरडे आणि चवीला सौम्य असते, त्यावर ग्रेव्ही, शेजारी लोणी घातलेला कुस्करलेला बटाटा, पावाचे स्टफिंग, म्हणजे टर्कीबरोबरचे सारण, आणि बहुधा रताळी. या सगळ्यात आंबट असे काहीच नसते. आपल्या पानात हे काम डावी बाजू करते, म्हणजे लिंबू, लोणचे, चटणी, कोशिंबीर. त्यांच्या ताटात ती संपूर्ण डावी बाजू एकट्या क्रॅनबेरीला सांभाळावी लागते. क्रॅनबेरीचा आंबटपणा लिंबाच्या जवळपास जातो, तिच्यात स्वतःची साखर फार थोडी असते आणि सालीत तुरटपणा भरपूर असतो. म्हणून सॉस वाटीभर खायचा नसतो, दोन-तीन चमचे घेऊन प्रत्येक घासाला थोडा लावायचा असतो. सॉस फार गोड झाला तर तो ताटातले काम सोडून मिष्टान्न होऊन बसतो, आणि मिष्टान्न म्हणून भोपळ्याचा ‘पाय’ (pie), म्हणजे गोड सारणाचा भाजलेला पदार्थ, आधीच ठरलेला असतो.

आता डब्याविषयी. क्रॅनबेरी हे मूळचे उत्तर अमेरिकेतले फळ आहे. वाम्पानोआग आणि इतर मूलनिवासी लोक ते युरोपीय येण्याच्या कितीतरी आधीपासून खात आले, आणि त्याची पद्धतशीर लागवड १८१६ साली केप कॉडवरच्या डेनिस गावात हेन्री हॉल यांनी सुरू केली असे मानले जाते. फळाचा हंगाम मात्र शरदातल्या काही आठवड्यांचा असतो, आणि थोडे जरी खरचटलेले फळ असले तरी ते ताजे म्हणून विकता येत नाही. मार्कस युरन नावाच्या वकिलाने, जो नंतर क्रॅनबेरीचा बागाईतदार झाला, १९१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या हॅन्सन येथे या फळाचा सॉस शिजवून डब्यात भरायला सुरुवात केली. दिसायला कमी प्रतीचे पण चवीला चांगले असलेले फळ त्यामुळे वाया जाईनासे झाले आणि सॉस वर्षभर मिळू लागला. १९३० मध्ये त्याने, जॉन मेकपीसने आणि न्यू जर्सीच्या एलिझाबेथ ली यांनी एकत्र येऊन शेतकऱ्यांची जी सहकारी संस्था उभारली, तीच आजची ओशन स्प्रे. सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्या माझ्यासारखीला ही गोष्ट कळली तेव्हा त्या डब्याबद्दल उगाचच आपुलकी वाटली होती. सुरीने कापता येणारी जेलीची वडी १९४१ पासून देशभर मिळू लागली. पुढे शेतात पाणी सोडून, वेलीवरची फळे घुसळून सोडवून, पाण्यावर तरंगवत गोळा करण्याची पद्धत रूढ झाली. फळाच्या आत हवेचे चार कप्पे असतात म्हणून ते तरंगते. पाण्यातून काढलेले हे फळ फार टिकत नाही, ते सॉसला आणि रसाला जाते. पिशवीतून ताजे विकले जाणारे फळ कोरड्या शेतातून तोडलेले असते आणि ते एकूण पिकाचा अगदी लहान हिस्सा असते.

ही वर्षे मी मुद्दाम दिली, कारण त्यांतच आजींच्या हट्टाचे कारण आहे. ज्या बाई आज ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांचे बालपण या जेलीसोबतच गेलेले आहे. त्यांच्या आईने घरी पातेले चढवले असेल किंवा नसेल, पण सणाच्या टेबलावर काचेच्या लांबट बशीत आडवी ठेवलेली, अंगावर डब्याच्या वळ्या उमटलेली ती लाल लोळी त्यांनी नक्की पाहिली आहे. आपण ज्याला “घरची चव” म्हणतो ती त्यांच्या बाबतीत डब्यातच आहे. काही वर्षांपूर्वी एका घरी मी संत्र्याची साल किसून घातलेला, अगदी मन लावून केलेला सॉस वाढत होते. एका वृद्ध गृहस्थांनी तो नम्रपणे घेतला, चमच्याने ताटाच्या कडेला सारला आणि मग शेजारच्या बशीतली जेलीची एक चकती काट्यावर उचलून, तिच्या वळ्या बोटाने चाचपून, हळूच टर्कीच्या तुकड्यावर ठेवली. त्यांनी माझा काहीही अपमान केला नव्हता. त्या दिवसापासून मी दोन भांडी ठेवते आणि कोण कोणते घेतो याकडे पाहत नाही.

आता दोन्हींच्या आत काय घडते ते सांगते, कारण तेवढे समजले की घरचा सॉस कधी बिघडणार नाही. क्रॅनबेरीत पेक्टिन भरपूर असते. पेक्टिन हा फळांच्या पेशींना धरून ठेवणारा घटक असून आम्ल आणि साखर यांच्या संगतीत गरम करून थंड केला की तो जाळे विणतो व पाणी त्यात अडकून राहते. बहुतेक फळांच्या जॅमला या जाळ्यासाठी साखरेचे प्रमाण साठ टक्क्यांच्या वर न्यावे लागते. क्रॅनबेरीत पेक्टिन आणि आम्ल दोन्ही इतके मुबलक असतात की एकतृतीयांशाच्या आसपास साखरेतही सॉस धरतो. कारखान्यात शिजवलेले फळ गाळून साले आणि बिया काढून टाकतात, गाळलेला गर साखरेसह गरम असतानाच डब्यात भरतात आणि तो डब्यातच निवून घट्ट होतो, म्हणून त्याला डब्याचा आकार येतो. घरी आपण साले ठेवतो, त्यामुळे तुरटपणा, चावायला काहीतरी आणि किंचित कडसर शेवट हे सगळे टिकते, पण कापण्याजोगी गुळगुळीत वडी होत नाही. एकात चव सपाट आणि स्वच्छ असते, दुसऱ्यात ती खडबडीत आणि भरलेली असते. मला स्वतःला दुसरी आवडते, हे लपवण्यात अर्थ नाही.

“घरी केला की साखर कमी” ही समजूत मात्र सोडून द्यावी. नेहमीचे प्रमाण ३४० ग्रॅमच्या एका पिशवीला एक कप, म्हणजे २०० ग्रॅम साखर असे आहे आणि त्यातून सव्वादोन कप सॉस निघतो. याचा अर्थ पाव कप सॉसमध्ये सुमारे २२ ग्रॅम साखर गेली. जेलीच्या डब्यावरच्या लेबलात पाव कपामागे जवळपास तेवढाच आकडा दिसतो. फरक साखरेच्या जातीत आहे. बऱ्याच डब्यांत मक्याचे सिरप असते, घरी आपली नेहमीची साखर असते. मधुमेही माणसाने दोन्हींपैकी काहीही घेतले तरी दोनच चमचे घ्यावे. घरी साखर पाऊण कपापर्यंत खाली आणता येते, त्याखाली गेल्यास सॉस पातळ राहतो आणि जीभ आंबते.

जिलेटिनच्या शंकेचे उत्तर स्पष्ट देता येते. डब्यातली क्रॅनबेरी जेली पेक्टिनवर धरलेली असते, तिच्यात जिलेटिन घालावे लागतच नाही. तरीही लेबल वाचण्याची सवय ठेवावी, कारण दुकानाच्या स्वतःच्या नावाने निघणाऱ्या डब्यांत काय घातले आहे हे वाचूनच कळते. खरा धोका निराळ्या पदार्थात आहे. बऱ्याच अमेरिकन घरांत याच सणाला क्रॅनबेरी सॅलड नावाचा एक थरथरणारा लाल पदार्थ साच्यातून काढून ठेवलेला असतो, त्यात अक्रोड, अननस, सफरचंद असे काहीबाही असते, आणि तो बहुधा जेलोच्या पाकिटाने धरलेला असतो. जेलो म्हणजे प्राण्यांच्या कातडीहाडांपासून काढलेले जिलेटिन. दिसायला दोन्ही लाल आणि दोन्ही हलणारे, त्यामुळे शाकाहारी पाहुण्याची फसगत होते. ओळखीची खूण अशी की साध्या सॉसच्या चकतीवर डब्याच्या वळ्या असतात आणि तिच्यात फळांचे तुकडे नसतात. साच्यातल्या सॅलडविषयी संकोच न करता यजमानांना विचारावे. जाता जाता सांगते, स्टफिंग आणि ग्रेव्ही या दोन्हींतही टर्कीचा रस असतो, तेव्हा ताईंना त्या ताटात निर्धास्तपणे घेता येतील अशा थोड्या पदार्थांपैकी त्यांनी स्वतः आणलेला सॉस हा एक असेल. तो नीट होण्यात त्यांचा स्वार्थही आहे.

करण्याची रीत अवघड नाही, पण तिच्यात दोन-तीन जागा अशा आहेत जिथे आपली मराठी सवय आडवी येते. चौदा माणसांना दोन पिशव्या घ्याव्यात. पुरून थोडा उरेल आणि उरायलाच हवा. फळे परातीत पसरून निवडावीत. चांगले फळ टणक असते आणि ओट्यावर टाकले की उडी मारते, मऊ पडलेले तसेच बसते. पूर्वी बागांमध्ये फळे उतरत्या फळ्यांवरून सोडून, उसळी मारून पलीकडे जाणारी ती चांगली, अशीच निवड करत असत. भांडे स्टीलचे किंवा इनॅमलचे घ्यावे. ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचे पितळ घेतल्यास सॉस कळकतो, आणि कळकलेल्या आमटीसारखी ती धातूची चव काही केल्या जात नाही. दोन पिशव्यांना दोन कप पाणी, दोन कप साखर आणि मिठाची एक चिमूट घालून उकळी आणावी, साखर विरघळली की सगळी फळे एकदम घालावीत आणि पुन्हा उकळी आल्यावर आच मध्यम करावी. तीन-चार मिनिटांनी फळे फुटू लागतात. मोहरी तडतडावी तसा, पण जरा जाड आणि ओलसर आवाज येतो, आणि रस ओट्यावर उडतो, म्हणून पातेले मोठे घ्यावे व पांढरी साडी-ओढणी नेसून हे काम करू नये. फळे घातल्यावर पुन्हा उकळी आली की तिथून दहा मिनिटे पुरतात. बहुतेक फळे फुटलेली, पण मूठभर अजून अख्खी, असे दिसले की आच बंद.

इथेच माझी पहिल्या वर्षीची चूक सांगितली पाहिजे. दहा मिनिटांनी पातेल्यात जे दिसते ते पातळ असते, सरबताला जेमतेम घट्टपणा यावा इतके. मुरांबा करणाऱ्या हाताला ते पाहवत नाही. आपल्याला एकतारी पाक ओळखता येतो, चमच्यावरून थेंब कसा पडतो ते कळते, त्यामुळे “अजून पाक झाला नाही” असे म्हणून मी ते आणखी पंचवीस मिनिटे आटवले. चाळीस माणसांचा सॉस होता. थंड झाल्यावर तो रबरासारखा ओढावा लागला, रंग काळपट झाला आणि सालींचा सगळा कडवटपणा रसात उतरला होता. पाक साखरेने घट्ट होतो आणि तो गरम असतानाच ओळखता येतो. हा सॉस पेक्टिनने घट्ट होतो आणि तो निवल्यावरच धरतो. आटवत राहिले की आधी तो प्रमाणाबाहेर घट्ट होतो आणि त्याहूनही जास्त शिजवले तर पेक्टिन तुटून उलट पातळ पडू लागतो. म्हणून तार पाहू नये. सुरुवातीलाच एक बशी फ्रीजरमध्ये ठेवावी, दहाव्या मिनिटाला तिच्यावर अर्धा चमचा सॉस टाकावा, अर्धे मिनिट थांबावे आणि बोटाने मधून रेघ ओढावी. रेघ लगेच बुजली नाही तर काम झाले. डेन्व्हरसारख्या उंच जागी, जिथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते, तिथे घड्याळापेक्षा ही बशीच खरे सांगते.

मसाल्याबद्दल माझे मत कडक आहे. पहिल्या वर्षी, दुसऱ्याच्या घरी, आजी टेबलावर बसलेल्या असताना घालू नयेत. दालचिनीचा एक तुकडा शिजताना टाकून नंतर काढून टाकला तर चालेल. उतरवल्यावर अर्ध्या संत्र्याची साल वरच्यावर किसून घातली तर उत्तमच, मात्र खालचा पांढरा भाग येऊ देऊ नये. पाण्याच्या निम्म्या भागाऐवजी संत्र्याचा रस घातला तर साखर दोन चमचे कमी करावी. आले, मिरी, लवंग, वेलदोडा यांचा मोह बाजूला ठेवावा. ग्रेव्हीत आणि स्टफिंगमध्ये सेज आणि थाइम या सुगंधी पाल्यांचा वास आधीच असतो, आणि आपली लवंग त्याच्याशी भांडते.

याचा अर्थ क्रॅनबेरीला आपला मसाला मानवत नाही असा मुळीच नाही. करवंदाची चटणी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना कच्च्या क्रॅनबेरीचा आंबट-तुरटपणा लगेच ओळखीचा वाटतो, आणि इथल्या मराठी घरांत ताज्या क्रॅनबेरीचे मेथी-मोहरी-हिंगाचे लोणचे दर नोव्हेंबरात होते. ते मीही करते. पण ते लोणचे म्हणून, वेगळ्या बरणीत, आणि विचारले तरच पुढे करते. गंमत अशी की पाककृतींच्या लेखिका मधुर जाफरी यांची लसूण, आले, व्हिनेगर आणि तिखट घातलेली जी क्रॅनबेरी चटणी अमेरिकेत सर्वांत प्रसिद्ध आहे, तिची सुरुवातच डब्यातल्या सॉसपासून होते. ज्यांना डबा म्हणजे आळस वाटतो त्यांनी ती एकदा करून पाहावी. त्या चटणीत ताजे फळ वापरले तर उलट ती जास्त तुरट होते आणि आल्या-लसणाला जागाच उरत नाही.

एक युक्ती अनेक जण सुचवतात, ती मी नाकारते. आंबटपणा मोडण्यासाठी सॉसमध्ये चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की साखर कमी लागते, हे खरे आहे. पण क्रॅनबेरीचा लाल रंग आम्लातच लाल राहतो. आम्ल मरू लागले की तो जांभळट, मळकट होतो. पेक्टिनलाही आम्ल हवे असते, त्यामुळे सॉस धरत नाही. शिवाय आंबटपणाच नको असेल तर सॉस करायचाच कशाला?

दुकानात एक तिसरी वस्तूही मिळते, अख्ख्या फळांचा डबाबंद सॉस. घरच्यासारखा दिसावा म्हणून लोक तो विकत घेतात, काचेच्या भांड्यात ओततात आणि काही बोलत नाहीत. तो मला धड ना इकडचा, धड ना तिकडचा वाटतो : जेलीचा गुळगुळीतपणा नाही आणि ताज्या सालीचा चटका नाही. चटणीचा पाया म्हणून त्याचा उपयोग आहे, टेबलावर मात्र नको.

जेलीचा डबा वाढण्यालाही थोडे कौशल्य लागते, आणि ताईंनी डबा “कसाबसा” वाढू नये ही माझी विनंती आहे. डबा आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये असावा. कोमट जेली कापताना ढासळते. ओशन स्प्रेचा डबा नीट पाहिला तर लक्षात येते की लेबल सरळ धरल्यावर गोलसर कड वर आणि उघडायचे झाकण खाली येते. ही छपाईची चूक नाही. डबा असा उभा राहिला की आतली हवा गोलसर बाजूला साठते, आणि आपण तो उलटा करून झाकण उघडले की त्या हवेमुळे जेली आतून सुटायला मदत होते. झाकण काढल्यावर पातळ सुरी कडेने एकदा फिरवावी, डबा बशीवर पालथा धरून एक हिसका द्यावा. ओल्या चिखलातून पाय निघावा तसा एक आवाज होतो आणि लोळी अखंड बाहेर येते. त्या घरातली मुले या आवाजासाठी स्वयंपाकघरात जमली तर आश्चर्य वाटू देऊ नये. मग वळ्यांच्या खाचांतून सुरी घालून बोटभर जाडीच्या चकत्या कराव्यात आणि त्या एकमेकींवर किंचित कलत्या मांडाव्यात. ३९७ ग्रॅमच्या एका डब्यात सुमारे दोनशे फळे असतात असे सांगतात. आजींसह चार-पाच जणांना तो पुरतो. जेली कुस्करून, गरम करून, वर संत्र्याची साल किसून तिला “घरच्यासारखी” करायला जाऊ नये. तसे केले की आजींची जेलीही जाते आणि ताईंचा सॉसही होत नाही.

टिकण्याच्या बाबतीत मुरांब्याचा हिशेब इथे लागू करू नये. साखर एकतृतीयांशच असल्याने हा सॉस फडताळात टिकत नाही, फ्रीजमध्येच ठेवावा लागतो. तिथे तो दहा-बारा दिवस उत्तम राहतो, कारण आम्ल तर आहेच, शिवाय या फळात निसर्गतःच थोडे बेंझोइक आम्लही असते. फ्रीजरमध्ये तो महिनोन्‌महिने राहतो. मंगळवारी केलेला सॉस गुरुवारी जास्त चांगला लागतो, कारण दोन दिवसांत सालींतला तुरटपणा साखरेशी मिळून येतो. न्यू जर्सीहून मोटारीने जाताना तो बर्फाच्या पेटीत ठेवावा. विमानाने जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की सुरक्षा तपासणीत क्रॅनबेरी सॉस द्रव पदार्थात धरला जातो, घरचा असो वा डब्यातला. म्हणून तो सामानात द्यावा, हातातल्या पिशवीत नाही. टेबलावर दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहू देऊ नये, आणि उघडलेल्या डब्यातली उरलेली जेली डब्यातच न ठेवता काचेच्या डब्यात काढावी.

विहीणबाईंना आधी फोन करून “मी घरी केलेला सॉस आणते आहे आणि आजींसाठी जेलीचा डबाही आणते” एवढे सांगावे, म्हणजे त्यांनी आपल्या बाजूने एक डबा आणून ठेवायचा आणि तीन भांडी व्हायची असे होणार नाही. मला वाटते, मानपानाचा जो प्रश्न ताईंना सतावतो आहे तो या एका वाक्यात सुटतो, कारण त्यात आजींची आठवण ठेवलेली आहे.

दुसऱ्या दिवशीचे सँडविच हा या जेवणाचा उत्तरार्ध असतो, आणि तिथे माझ्या आवडीविरुद्ध मला जेलीलाच झुकते माप द्यावे लागते : तिची चकती पावात सपाट बसते आणि पाव ओला होत नाही. घरचा सॉस पावात झिरपतो. तो शुक्रवारी सकाळी तूप लावलेल्या गरम पोळीवर पसरून खावा, साखरांब्यासारखा.

राहता राहिली गुरुवार सकाळची धास्ती. भांडे उघडल्यावर सॉस पातळ वाटला तर घाबरून कॉर्नफ्लोअर लावू नये, त्याने रंग दुधाळ होतो. सॉस पुन्हा पातेल्यात काढून मूठभर ताज्या किंवा गोठवलेल्या क्रॅनबेरी घालाव्यात, त्या वितळवण्याची गरज नसते, आणि उकळी आल्यावर पाच मिनिटे शिजवून, बशीवर रेघ पाहून, भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून निववावे. उलट फार घट्ट झाला असेल तर दोन चमचे गरम पाणी घालून हलक्या हाताने ढवळावे. यासाठी एक जादा पिशवी फ्रीजरमध्ये ठेवून तीही सोबत न्यावी. नाही लागली तर परत आल्यावर लोणच्याला उपयोगी पडते.